दोन सिम, एक कान

"फोन का बंद ठेवला होतास?"

हा प्रश्न आईकडून येतो, गर्लफ्रेंडकडून येतो, बॉसकडूनही येतो. आणि त्याचं खरं उत्तर इतकं लंगडं वाटतं, की त्यापेक्षा 'बॅटरी गेली होती' अशी थाप मारलेली परवडते. कारण खरं उत्तर असं असतं : फोन चालू होता, हातातच होता, दोन्ही सिमचे दांडे भरलेले होते. तरीही पलीकडच्या माणसाला रेकॉर्डवरच्या बाई सांगत होत्या की हा नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आता या बाई खोटं बोलत नाहीत असा आपल्याकडे सार्वत्रिक समज. त्यामुळे खोटारडे ठरता ते तुम्ही!

तर मंडळी, आज तुमची वकिली करायची आहे. आरोपी निर्दोष आहे, आणि खरा गुन्हेगार त्याच्याच खिशात आहे.

नवा फोन घेताना दुकानदार सांगतो, "सर, ड्युअल सिम आहे, दोन्ही चालू राहतात." तोही खोटं बोलत नाही. पण 'चालू' या शब्दातच सगळी मेख आहे. फोनच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात बघा, तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ड्युअल सिम, ड्युअल स्टँडबाय. स्टँडबाय, बॉस! म्हणजे दोन्ही सिम कॉलची वाट बघत उभी राहतात. बोलायची पाळी आली की एकच बोलतं.

फोनमध्ये सिमचे खण दोन असतात आणि ओळख क्रमांकही दोन असतात. *#०६# डायल केलंत तर दोन आयएमईआय नंबर दिसतील. (ते आजच कुठेतरी लिहून ठेवा. फोन हरवला तर दोन्ही ब्लॉक करावे लागतात, आणि तेव्हा ते बघायला फोन नसतो.) पण टॉवरशी प्रत्यक्ष बोलणारा रेडिओ, लहरी पाठवणारा आणि पकडणारा भाग, बहुतेक फोनमध्ये एकच. दोन सिम तो वाटून घेतात, दोन रूममेट एक बाथरूम वाटून घेतात तसा.

किंवा असं बघा. एका सोसायटीला दोन गेट आहेत आणि वॉचमन एक. तो काय करतो? पुढच्या गेटवर डोकावतो, कोणी नाही. मागच्या गेटवर डोकावतो, कोणी नाही. पुन्हा पुढे. दिवसभर असं चालतं आणि दोन्हीकडच्या लोकांना वाटतं की आपल्या गेटवर वॉचमन आहे. फोनमध्ये हे अतिशय सफाईने होतं, कारण रिकामा बसलेला फोन टॉवरचं बोलणं सतत ऐकतच नसतो. तसं केलं तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. टॉवर ठरलेल्या क्षणी पुकारा करतो, अमक्यासाठी कॉल आहे, तमक्यासाठी कॉल आहे. याला पेजिंग म्हणतात. फोन तेवढ्यापुरता जागा होतो, आपलं नाव आहे का बघतो आणि परत डुलकी काढतो. फोर-जीमध्ये हे चक्र साधारणपणे १.२८ सेकंदांचं असतं आणि ऐकायचं काम काही मिलिसेकंदांचं. मधला वेळ मोकळाच! त्या मोकळ्या वेळात दुसऱ्या कंपनीचा पुकारा ऐकून येणं रेडिओला सहज जमतं.

अडचण सुरू होते ती पुढच्या गेटवर कोणीतरी गप्पा मारायला थांबलं की. तुम्ही ऑफिसच्या सिमवर कॉल घेतलात, रेडिओ तिकडे अडकला. मागच्या गेटवर आता कोणी नाही. तिथे आलेला माणूस हॉर्न वाजवतो, पुन्हा वाजवतो आणि निघून जातो.

खरी गंमत पुढेच आहे. मागच्या गेटच्या कंपनीला यातलं काही माहीतच नसतं. ती कंपनी वेगळी, तिची यंत्रणा वेगळी. तुमच्या फोनने तिला 'जरा कामात आहे, मागाहून या' असा निरोप दिलेला नसतो. तिच्या हिशेबी तुम्ही मघाशी याच टॉवरखाली होता, म्हणजे आताही असणार. म्हणून ती पुकारा करते. उत्तर नाही. परत करते. उत्तर नाही. मग ती निष्कर्ष काढते की हा इसम बोगद्यात शिरला असावा, आणि बाईंची रेकॉर्ड लावते. रेकॉर्डच्या आधी जी लांबलचक शांतता असते ना, ज्यात आपण 'हॅलो... हॅलो?' करतो, तीच ही शोधाशोध.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे उपाय करताना लागणार आहे. ज्या सिमवर तुम्ही बोलताय त्याच नंबरवर दुसरा कॉल आला, तर कंपनीला माहीत असतं की तुम्ही बोलताय. मग 'बिझी' ऐकू येतं किंवा कॉल वेटिंगचं टुक्-टुक्. दुसऱ्या सिमच्या बाबतीत मात्र तुम्ही बिझी नाही, गायब आहात. (मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने २०२२ मध्ये पक्क्या केलेल्या रिलीज १७ मध्ये फोनने दुसऱ्या नेटवर्कला 'मी बिझी आहे' असा निरोप देण्याची सोय घातली आहे. पण ती फोनमध्येही हवी आणि नेटवर्कमध्येही हवी. तोवर बाईच.)

आणि हा 'गायब' प्रकार प्रत्येक वेळी रुसव्या-फुगव्यावर निभावत नाही. माझी एक मैत्रीण हिंजवडीत काम करते, आई-वडील कराडला. एका रात्री साडेदहाला ती ऑफिसच्या सिमवरून क्लायंटच्या कॉलमध्ये डायल-इन करून बसली. फोन कानाला, समोर लॅपटॉप, खूप वेळ चाललेला कॉल. त्याच वेळी कराडला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. आई लेकीच्या नेहमीच्या नंबरवर फोन करतेय आणि दर वेळी संपर्क क्षेत्राच्या बाहेर! पाच वेळा केल्यावर आईला दोन काळज्या, नवऱ्याची आणि रात्री अकराला गायब झालेल्या मुलीची. शेवटी शेजारच्यांनी रिक्षा काढून वडिलांना हॉस्पिटलमध्ये नेलं. मैत्रिणीने पावणेबाराला कॉल संपवला, आणि मिस्ड कॉलचे पाचही एसएमएस एकदम धडाधड येऊन पडले. टुंग, टुंग, टुंग. वडील आता ठणठणीत आहेत, रोज फिरायला जातात. पण ते पाच टुंग आपल्याला अजून ऐकू येतात, असं ती म्हणते. फोन हातात होता, रेंज होती, काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. यंत्र जसं चालायला हवं तसंच चाललं होतं.

मग प्रश्न पडतो की आपण ही दोन सिमांची भानगड गळ्यात बांधून घेतली कशासाठी? त्याला कारण आपला कंजूषपणा, आणि तो अगदी रास्त होता. आठवतंय का, एकेकाळी इनकमिंगलाही पैसे पडायचे! ते २००३ मध्ये थांबलं, पण रोमिंग होतंच. दूरसंचारच्या नकाशावर मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. त्यामुळे पुण्याचा माणूस सकाळी डेक्कन क्वीनने निघाला की कल्याणच्या आसपास त्याचा फोन परदेशी पोचल्यासारखा वागायला लागायचा. इनकमिंगला पैसे, आउटगोइंगला जास्त पैसे. ज्यांना आठवड्यातून दोनदा मुंबई करावी लागे त्यांच्याकडे दोन हँडसेट असत, एक शर्टाच्या खिशात आणि एक कमरेच्या पाउचमध्ये. त्या पाउचचं वर्णन करायला नको. ज्यांच्या वडिलांनी तो लावला त्यांना तो चांगलाच आठवत असेल.

याच काळात काही धाडसी लोक दोन सिमकार्डं कात्रीने कापून, नुसती सोनेरी चिप शिल्लक ठेवून, एका पातळ पट्टीवर बसवून बॅटरीमागे सरकवायचे. नंबर बदलायचा तर मेनूत जाऊन बदला, कधी फोनच बंद करून चालू करा. कापताना चुकलं की सिमही गेलं आणि पैसेही! दोन सिम घेणारा पहिला फोन फिनलंडच्या बेनेफॉन कंपनीने २००० मध्ये काढला, नाव ट्विन. पण त्यातही एका वेळी एकच सिम जागं असायचं. सॅमसंगचा ड्युओज डी-८८० आला २००७ मध्ये. आपल्याकडे मात्र हे प्रकरण घराघरात नेलं ते चिनी फोनांनी आणि पाठोपाठ मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा, स्पाइस या मंडळींनी. तैवानच्या मीडियाटेकची तयार चिप, त्यात दोन सिमची सोय आयतीच. नोकिया इतकी वर्षं राजासारखी बसून होती, तिने पहिला दोन सिमांचा फोन जाहीर केला थेट २०१० मध्ये, सी-१, आणि त्यातही एकच सिम एका वेळी. बटण दाबून अदलाबदल करायची. तोवर बस निघून गेली होती.

त्या सुरुवातीच्या चिनी फोनांपैकी अनेकांना धड आयएमईआयही नव्हता. सरकारने सुरक्षेचं कारण देऊन १ डिसेंबर २००९ पासून असे फोन नेटवर्कवरून तोडायला लावले. त्याआधी दुकानांमध्ये आयएमईआय घालून घ्यायला रांगा लागल्या होत्या. वाहनावर नंबरप्लेट रंगवून घ्यावी, तसं.

२० जानेवारी २०११ ला देशभर नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. तेव्हा अनेकांना वाटलं की दुसऱ्या सिमची गरज संपली. कंपनी बदला, नंबर तोच ठेवा, कशाला दोन खण? झालं भलतंच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, काही महिने सगळं फुकट. लोकांनी जुना नंबर पहिल्या कंपनीकडेच ठेवला आणि रिकाम्या खणात जिओ सरकवलं. कॉलसाठी हे, नेटसाठी ते. तेव्हाच्या फोनांमध्ये दोन्ही खण सारखे नव्हते, ही आणखी एक गंमत. अनेकांत फोर-जी एकाच खणात चालायचं, दुसरा बिचारा टू-जीवर. जिओला तर फोर-जीशिवाय चालतच नाही, त्यामुळे चुकीच्या खणात घातलं की 'नो सर्व्हिस'. दोन्ही खणांत फोर-जी, दोन्हींत व्होल्टे, हे सर्रास व्हायला २०१७-१८ उजाडलं.

आज तर पैशांचा मुद्दा मागेच पडलाय. आज दुसरं सिम असतं ते कपाट वेगळं ठेवण्यासाठी. एक नंबर ऑफिसचा, एचआरकडे आणि क्लायंटकडे असलेला. दुसरा आपला, बँकेचा, यूपीआयचा, घरमालकाचा, आईचा. रविवारी ऑफिसचं सिम बंद करून टाकायचं सुख ज्याने घेतलं नाही त्याने काय कमावलं!

पण एका रेडिओवर दोन संसार चालवताना भांडी वाजतात ती फक्त कॉलचीच नाहीत. इंटरनेट घ्या. समजा नेट आहे सिम एकवर आणि तुम्ही नवले पुलावरून मॅप लावून जाताय. सिम दोनवर कॉल आला, तुम्ही घेतला. रेडिओ गेला सिम दोनकडे, नेट थांबलं, मॅपवरचा निळा ठिपका गोठला, आणि नेमका तेव्हाच डावीकडचा फाटा येतो. हाच कॉल नेटच्या सिमवर व्होल्टेने आला असता तर बोलणं आणि मॅप दोन्ही सुखाने चाललं असतं. तसंच मोबाइल डेटावर व्हॉट्सअॅप किंवा टीम्सचा कॉल चालू असताना दुसऱ्या सिमवर साधा कॉल उचलला की तिकडे 'रिकनेक्टिंग...' सुरू. मोबाइलवर गेम खेळणारी मंडळी दुसरं सिम बंद करून बसतात, तीही वेडी नाहीत. नेट चालू असतानाही रेडिओला मधूनमधून मागच्या गेटवर डोकावून यावं लागतं, आणि त्या निमिषात समोरचा गोळी घालतो.

ओटीपीचं तर विचारूच नका. बँकेचा नंबर सिम एकवर, तुम्ही सिम दोनवरून कस्टमर केअरशी बोलताय. ती पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, सर, तुम्हाला ओटीपी आला असेल, तो अॅपमध्ये टाका. आला नसेल! तो बसलाय कंपनीच्या एसएमएस केंद्रात, तुमचं सिम पुन्हा सापडायची वाट बघत. तुम्ही वैतागून फोन ठेवता, दहा-वीस सेकंदांत ओटीपी येतो. मग परत फोन लावा, परत 'हिंदीसाठी दोन दाबा'. यावर उपाय साधा आहे, असे कॉल बँकेला दिलेल्या नंबरवरूनच करायचे. व्होल्टेवर बोलता बोलता त्याच सिमवर एसएमएस येतो, काही अडत नाही.

आता कॉलचा उपाय. तोही जुनाच आहे, फोन घेतल्या दिवसापासून सेटिंगमध्ये पडून आहे आणि आपण त्याच्या वाटेला जात नाही. कॉल फॉरवर्डिंग. कॉल सेटिंगमध्ये जा, सिम एक निवडा, फॉरवर्डिंगमध्ये चार पर्याय दिसतील : नेहमी, बिझी असताना, उत्तर न दिल्यास, आणि संपर्क होत नसल्यास. आपल्याला हवा तो शेवटचा. मघाचा बारकावा आठवा, तुम्ही बिझी नसता, गायब असता. लोक हमखास 'बिझी' मध्ये नंबर टाकतात आणि मग म्हणतात, काही उपयोग नाही यार. तर सिम एकच्या 'संपर्क होत नसल्यास' मध्ये सिम दोनचा नंबर टाका, सिम दोनच्यात सिम एकचा. दोन्हींवर कॉल वेटिंग चालू करा. आता ऑफिसच्या सिमवर बोलत असताना आईचा फोन आला, तर तुमच्या दुसऱ्या सिमची कंपनी शोधाशोध करून दमेल आणि कॉल ऑफिसच्या नंबरकडे वळवेल. तुमच्या कानात टुक्-टुक्. सॅमसंगने बऱ्याच फोनांमध्ये 'ड्युअल सिम ऑलवेज ऑन' अशा दिमाखदार नावाने दिलेली सोय याच तत्त्वावर चालायची. आतून फॉरवर्डिंगच, वर चकचकीत स्विच.

यात काही खाचखळगे आहेत. वळवलेल्या कॉलचा पुढचा टप्पा वळवणाऱ्याच्या खात्यावर पडतो. अनलिमिटेड पॅक असेल तर सहसा जाणवत नाही, तरी आपल्या पॅकमधली अट एकदा वाचून घ्या. ऑफिसच्या सिमवर कंपनीने फॉरवर्डिंग बंद करून ठेवलेलं असू शकतं. आणि सगळ्यात मोठा खळगा नोकरी सोडताना. लॅपटॉप, आयकार्ड, सिम परत करून तुम्ही मोकळे, पण तुमच्या खासगी नंबरचे कॉल मात्र तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात की जुन्या ऑफिसच्या नंबरवर वळतायत. तो नंबर आता तुमच्या जागी आलेल्या पोराकडे! तुमच्या नव्या एचआरचा फोन त्याने उचलला तर? किंवा फोनवरून ऐकवला जाणारा ओटीपी? नोटीस पीरियडच्या कामांच्या यादीत हे लिहूनच ठेवा.

हीच युक्ती चोरांनाही माहीत आहे. कुरिअरवाला किंवा मोबाइल कंपनीचा माणूस असल्याचं भासवून ते तुम्हाला *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला लावतात. केलंत, की तुमचे सगळे कॉल त्यांच्याकडे. हे प्रकार इतके वाढले, की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून या प्रकारची यूएसएसडीवरून होणारी फॉरवर्डिंगची सेवा स्थगित करायला कंपन्यांना सांगितलं. म्हणून कोड पाठ करत बसू नका, फोनच्या सेटिंगमधूनच करा. काही कंपन्या आता आपल्या अॅपमधून किंवा कस्टमर केअरमार्फत करून देतात. आणि तिथे गेलातच आहात तर भलताच नंबर भरलेला नाही ना, तेही बघून घ्या.

फॉरवर्डिंगपेक्षा सुबक उपाय म्हणजे वाय-फाय कॉलिंग. आपल्याकडे एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. नाव ऐकून वाटतं की हे रेंज नसलेल्या बेसमेंटसाठी आहे. पण दोन सिमवाल्यांसाठी त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. दुसरं सिम वाय-फायवरून आपल्या कंपनीशी जोडलेलं असलं, की त्याला त्या एकुलत्या रेडिओची गरजच उरत नाही. वॉचमन पुढच्या गेटवर गप्पा मारो, मागच्या गेटला सीसीटीव्ही आणि बेल बसली! दोन्ही सिमसाठी ही सोय वेगवेगळी चालू करावी लागते, एकदा करून थांबू नका. घरी ती झकास चालते. ऑफिसच्या वाय-फायवर कधीकधी रुसते, कारण कंपनीच्या फायरवॉलने ५०० आणि ४५०० हे पोर्ट बंद ठेवलेले असतात आणि वाय-फाय कॉलिंगचा बोगदा तिथूनच जातो. आयटीवाल्याला चहा पाजून बघा.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे वाय-फायच्या जागी पहिल्या सिमचा मोबाइल डेटाच वापरायचा. सिम एकवर बोलताय, सिम दोनचा कॉल त्याच सिम एकच्या नेटवरून येतो. आयफोनमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून हे आहे. त्यासाठी वाय-फाय कॉलिंग चालू हवं, आणि सेल्युलर डेटामधलं 'डेटा स्विचिंग'ही. गूगलच्या पिक्सेलमध्ये याला बॅकअप कॉलिंग म्हणतात, इतरांनी आपापली नावं ठेवली आहेत. त्याच पानावर कॉलच्या वेळी नेट आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याचा स्विचही असतो. तो चालू असला आणि दुसऱ्या सिमवर डेटा शिल्लक असला, तर मघाचा मॅप गोठत नाही.

आणि खरोखर दोन रेडिओवाले फोन? ते आहेत. त्याला ड्युअल अॅक्टिव्ह म्हणतात. पूर्वी अशा फोनांच्या वाट्याला फारसं कोणी गेलं नाही, कारण दोन रेडिओ म्हणजे जास्त खर्च, जास्त जागा, जास्त बॅटरी, आणि एकाच डबीत दोघे एकदम ओरडायला लागले की एकमेकांचं ऐकू न येण्याचा त्रास वेगळाच. २०२२ च्या अखेरीस आलेल्या क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८ जेन २ चिपमध्ये फाइव्ह-जीवर दोन्ही सिम एकाच वेळी कामाला लावायची सोय आली, म्हणजे महागड्या फोनांना ते शक्य झालं. शक्य झालं म्हणजे प्रत्येकाने दिलं असं नाही. चिपमध्ये असूनही फोनच्या कंपनीने ते चालू केलेलं नसतं. त्यामुळे दुकानात 'ड्युअल सिम आहे का' हा प्रश्न आता निरर्थक आहे. 'स्टँडबाय की अॅक्टिव्ह' असं विचारा आणि विक्रेत्याचा चेहरा बघा.

खर्चाचंही बोलायला हवं. दुसरं सिम पूर्वी दहा रुपयांच्या बॅलन्सवर वर्षानुवर्षं पडून राहायचं. २०१८ च्या शेवटापासून कंपन्यांनी किमान रिचार्ज लावला आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर तर नुसतं जिवंत ठेवायलाही खिशाला चिमटा बसतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, नेट नसलेले पॅक द्यायला सांगितलं. ज्यांचं दुसरं सिम केवळ ओटीपीसाठी आहे त्यांनी ते जरूर शोधावेत. कंपनीच्या अॅपमध्ये ते पहिल्या पानावर दिसतीलच असं नाही, थोडं खाली उतरा. कंटाळा करून सिम तसंच मरू देणं मात्र वाईट. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला दिला जातो. ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं की किमान ९० दिवस तो कोणाला देत नाहीत. त्यानंतर तुमच्या जुन्या पीएफ खात्याचा किंवा विसरलेल्या डीमॅटचा ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर टुंग करणार. सोडायचंच असेल तर आधी त्याला लटकलेली सगळी खाती उतरवून घ्या, मग सोडा.

आणि उद्या चार वाजता चहाला जाल तेव्हा एक करा. एका सहकाऱ्याला तुमच्या ऑफिसच्या नंबरवर फोन लावायला सांगा, तो उचला आणि चालू ठेवा. दुसऱ्याला आईकडे असलेल्या नंबरवर लावायला सांगा. स्पीकरवर. मोबाइलच्या डेटावर एकदा, ऑफिसच्या वाय-फायवर एकदा. बाई बोलल्या, तर सेटिंग उघडायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरतो.